जवाब देऊन राहिली

"डॉक्टरनं जवाब देल्ला, लवकर चला," एवढाच निरोप घेऊन माहेरचा, सौंदडचा माणूस तुमसरला माझ्या दारात उभा राहिला. आमच्याकडं डॉक्टरांनी हात टेकले की 'जवाब दिला' म्हणतात. मोटर बंद पडली, बैल बसला, तरी तोच शब्द. नेसत्या लुगड्यानिशी निघाले, पण गोंदियाला गाडी बदलून सौंदडला पोचेपर्यंत मनूभाऊ गेला होता. कावीळ. तिशीही गाठली नव्हती त्यानं... आणि त्या साऱ्या प्रवासात माझ्या डोक्यात डॉक्टर नव्हताच, तो एक शब्द होता. माझ्या भावाचं वाटोळं त्या शब्दानं फार आधीच केलं होतं.

मनूभाऊ माझ्याहून थोरला, दादाहून धाकटा. वडील गेल्यावर शेती, धानाचा व्यापार, गिरणी, सगळं दादाच्या हाती आलं, आणि मनूभाऊही. मॅट्रिक झालेला माणूस गिरणीचे पट्टे बदलत बसला. जीव मात्र बिनतारी नावेत. गोंदियाच्या रद्दीवाल्याकडं त्याला एक विलायती मासिक सापडलं होतं. त्यात काठावर उभं राहून रेडिओनं छोट्या नावा चालवणारे लोक होते. त्यांच्या नावेचं सुकाणू पिळलेल्या रबरावर चालायचं. एकदा कळ दाबली की डावीकडं, पुन्हा दाबली की उजवीकडं. मनूभाऊला ते मुळीच पटायचं नाही. "अवं सुमन, हे तं बहिऱ्याले हाक मारल्यासारखं झालं. त्यानं आयकलं का नाई, किती वळला, कोन सांगल? जवाब आला पायजे, जवाब!"

तो जवाब आणायची त्याची रीत मला इतक्यांदा ऐकावी लागली की आजही तोंडपाठ आहे. रेडिओचा आवाज कमीजास्त करायला चकती असते ना, तशा दोन चकत्या. एक आपल्या हातात, दुसरी नावेत, सुकाणूच्याच दांड्यावर. मधे लढाईनंतर भंगारात आलेला एक रिले, म्हणजे विजेनं आपोआप उघडमीट होणारी कळ, आणि बोटाएवढी मोटर. हातातली चकती फिरवली की दोघींचं जुळेनासं होतं आणि मोटर सुकाणू ओढू लागते. सुकाणूबरोबर दुसरी चकतीही फिरते, आणि दोघी जुळल्या की मोटर आपोआप थांबते. सांगितलं तेवढंच वळायचं. मासिकात याला 'सर्व्हो' म्हणत, म्हणजे सेवक. "पन मुका नाई, बोलनारा," असं म्हणून तो हसायचा. हेच रेडिओनं करायला शिक्षण हवं, परवाना हवा, म्हणून तूर्त लांब तारेवर. नागपूरला रेडिओ शिकायचा आणि मग ती तार काढून टाकायची, एवढंच त्याचं मागणं होतं.

दादानं मंजुरी दिली, पण कशी! "मंडईच्या दिवशी साऱ्या गावासमोर तलावात फिरवून दाखव. फिरली तं जाय नागपूरले. नाई फिरली तं गिरणीत गप बस."

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, घरोघरी पाहुणे. तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मनूभाऊ चकती घेऊन पाळीवर, आणि तार अडकू नये म्हणून ती सोडत दादा खाली पाण्याशी. नाव सरळ गेली. मनूभाऊनं चकती जराशी फिरवली. सुकाणू वळलं, नेमकं तेवढंच वळलं आणि थांबलं. नाव सुबक वळण घेत निघाली. मनूभाऊ आनंदानं उडी मारून ओरडला, "दादा, जवाब देऊन राहिली! जवाब देऊन राहिली!"

आणि दादानं तार खसकन ओढली.

नाव कलंडली, तार तुटली, रिलेत पाणी शिरलं. पाळ फिदीफिदी हसली. "गेली रे, नावेनं जवाब देल्ला!" मनूभाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगत होता, अरे, चालून राहिली होती ती...

"तूच तं बोंबलला जवाब देल्ला म्हनून. म्हनून ओढली," दादा म्हणाला आणि घरी निघाला.

लोकांनी मनूभाऊला 'जवाबवाला' नाव पाडलं, आणि तो ते निमूट ऐकून घेत राहिला. मला मात्र कधी झोंबायचं थांबलं नाही. अहो, तो 'देऊन राहिली', म्हणजे देते आहे, असं म्हणाला होता, 'देल्ला' नव्हे! बिघडलेली वस्तू एकदाच जवाब देते; ती देऊन राहत नाही. आमच्या गावचं शेंबडं पोरही हा फरक जाणतं. जन्मभर याच बोलीत धानाचे सौदे करणाऱ्या दादाला तो कळू नये?

मनूभाऊच्या तेरवीला पाहुण्यांसमोर दादा डोळे पुसत म्हणाला, "लय हुशार होता आमचा मनू. नागपूरले गेला असता तं इंजिनिअर झाला असता." गेला असता! माझ्या अंगाचा भडका उडाला. जेवणं आटोपल्यावर मी त्याला गिरणीच्या ओट्यावर गाठलं.

"दादा, खरं सांग. त्या दिवशी तू काय आयकलं?"

तो गिरणीच्या पट्ट्यावरचा कोंडा झटकू लागला. मग म्हणाला, "तो गेला असता तं गिरणी कोनं पाहली असती, सुमन?"

म्हणजे नीट ऐकलं होतं. त्यानंतर मी त्या घरचं पाणीही प्यायले नाही. नावेला वाळवी लागली होती, पण गिरणीच्या फळीवर, कोंड्याच्या धुळीखाली, तो सेवक सापडला. मनूभाऊनं रिले वाळवून, तार जोडून, फडक्यात गुंडाळून ठेवला होता. पुन्हा पाण्यावर नेला नाही, कुणाला दाखवलाही नाही... मी उचलला तो सरळ तुमसरला आणला.

आता माझ्या शिवणाच्या मशीनवर असतो. अधूनमधून बॅटरी लावून चकती जराशी फिरवते. छोटासा दांडा घरघरत वळतो, सांगितलं तेवढाच, आणि थांबतो. घरात कुणी नसलं की मी मोठ्यानं म्हणते, "जवाब देऊन राहिली रे, मनूभाऊ. मी बराबर आयकलं."