‘नाही’ची तालीम

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येत, आणि खिडकीपाशी बसून ती गुलाबी मेणात एकेक दात रोवत जाई. निम्म्या गावाचं हसू तिच्या हातून घडलेलं, पण कबूल करणारं माणूस सापडायचं नाही. कवळी न्यायला येणारे तोंडावर रुमाल धरून येत आणि पुढे बाजारात दिसले की दुसरीकडे बघत. थोरल्या दिरांची कवळीही तिनेच केलेली. ते चारचौघांत सांगत, आमच्या घराण्यात दात शेवटपर्यंत टिकतात.

तालमी याच दिरांनी सुरू केल्या.

नवरा परदेशात ट्रक चालवत होता. बायकोला आणि मुलीला तिकडे न्यायचे कागद मार्गी लागले होते, राहिली होती फक्त व्हिसाची वैद्यकीय तपासणी. ती पार पडली की तिघं एका छपराखाली. आणि त्या तपासणीत एक प्रश्न होता: कधी मानसिक आजारावर उपचार घेतलेत का?

घेतले होते. मुलगी, जिला घरात खारू म्हणत, तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. एका सकाळी कवळीवालीने मेण कोरायची तापलेली सुरी हातात घेतली आणि पुढे काय करायचं तेच तिला सुचेना. दुपार झाली, सुरी थंड झाली, ती तशीच बसलेली. मग सगळंच तसं होत गेलं. केस विंचरणं, दार उघडणं, पोरीला उचलणं. बाई घरात होती आणि घरात नव्हती. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी दीड वर्ष औषध दिलं, तिला बोलतं केलं, आणि ती उठली. त्याला आता चार वर्षं होत आली. या काळात तिने धंदा सावरला, पोरीला वाढवलं, नवऱ्याला परदेशी धाडलं. पण त्या दिवसांना घरात कुणी नावाने हाक मारली नाही. ‘तुझ्या अशक्तपणाच्या वेळी’ एवढंच म्हणायचे.

संध्याकाळचा चहा झाला की दीर टेबलामागे बसत आणि चष्मा नाकावर ओढून डॉक्टर होत.

“क्षय?”

“नाही.”

“फिट्स?”

“नाही.”

“मानसिक आजार, उपचार?”

ती थांबे.

“बघ, अडखळलीस. एवढ्या थांबण्यात विमान सुटतं.”

“खोटं बोलायला वेळ लागतो हो, दादा.”

“खोटं कसलं? बरी झालीस ना? मग तेव्हाचं कुणाला काय?”

“तुमचं बीपी मात्र जगाला सांगता. सलाइन लावली तेव्हा फोटो धाडलात सगळ्यांना.”

“ते हृदयाचं. त्याला लोक फळं घेऊन भेटायला येतात.” दीर चष्मा पुसत म्हणाले, “तुझ्या वेळी कोण आलं होतं?”

कुणीच आलं नव्हतं. जमिनीवर पालथी पडून खारू चित्र रंगवत होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

तपासणीच्या दिवशी त्यांच्या पुढच्या माणसाला खोकल्याची उबळ आवरत नव्हती आणि अंगाला कालच्या दारूचा वास येत होता. तो दहा मिनिटांत हसत बाहेर आला. मग मायलेकींना आत बोलावलं. रक्त आणि एक्स-रे झाला होता. तरणा डॉक्टर स्क्रीनवरची नजर न काढता आईला एकेक विचारत गेला. क्षय, फिट्स, मधुमेह. मग तो प्रश्न आला.

“नाही,” खारू म्हणाली.

खणखणीत, न अडखळता, थेट काकांच्या ठेक्यात. आणि पुढच्या दोन पडलेल्या दातांची फट दाखवत तिने आईकडे अभिमानाने पाहिलं.

आयुष्यभर त्या बाईने म्हाताऱ्यांच्या तोंडात खोटे दात बसवले होते. दुधाचे पडून नवे यायच्या आत पोरीच्या तोंडात खोटं बसलेलं ती आज पाहत होती, आणि तेही आपल्याच घरातून, आपल्याच लाजेपोटी. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“हो,” ती म्हणाली. “मुलगी चुकली. मी उपचार घेतलेत.”

आता डॉक्टरने मान वर केली. सगळ्या देहाला दहा मिनिटं पुरली होती, या एका शब्दाला अर्धा तास लागला.

“जीव द्यावासा वाटला होता? मुलीला इजा करावीशी वाटली होती?”

खारू समोर बसलेली होती.

“तिला बाहेर बसवून विचारा.”

“प्रश्न ठरलेले आहेत, बाई.”

“प्रश्न ठरलेले असतील. खुर्ची तर हलवता येते.”

नर्सने पोरीला बाहेर नेलं. मग आईने एकेक उत्तर दिलं, काही न लपवता.

“पुन्हा होणार नाही, याची खात्री काय?”

“तुम्हाला पुन्हा ताप येणार नाही याची तुम्ही द्याल?”

तो हसला नाही. म्हणाला, वाढीव तपासणी लागेल.

म्हणजे जो कधी डॉक्टरकडे गेलाच नाही, घरी भांडी फोडतो, बायकोला बडवतो, तो निरोगी. आणि जी आपल्या पायांनी गेली, औषध घेऊन उठली, तिच्याकडे संशयाने बघायचं. बरं होण्याचीच शिक्षा. बसमध्ये ती वाटभर दात आवळून बसली होती.

खारू पास झाली, आईचं अडकलं. तज्ज्ञासमोर पुन्हा हजर व्हायचं होतं.

“पोरीला तरी पुढे पाठवू,” दीर म्हणाले.

नवऱ्याचा फोन आला. “एक शब्द होता गं.”

“तो खारूने म्हटला की. सुरेख म्हटला. ऐकवू तुला?”

पलीकडे त्याने ट्रक बाजूला घेऊन बंद केला. “नको,” तो म्हणाला. “आणि तिला एकटीला पाठवू नकोस.”

तज्ज्ञाच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी दीर सवयीने खुर्ची ओढायला गेले, तर तिथे खारू बसलेली. काकांचा चष्मा तिच्या नाकावर.

“मानसिक आजार, उपचार?”

“हो,” आई म्हणाली. थांबली नाही.

खारूला पुढचा प्रश्न माहीत नव्हता. तिने थोडा विचार केला. “मग तेव्हा मला कोण घ्यायचं?”

आईने दिरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“मी,” ते म्हणाले. “दिवसभर खांद्यावर असायचीस. खाली ठेवलं की भोकाड.”

“मग हे डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

दिरांनी तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि ते तो उगाच पुसत राहिले. “उद्या किती वाजता जायचंय?” त्यांनी विचारलं. “मीही येतो. मला विचारू देत काय ते.”

कवळीवालीचा राग गेला नव्हता. इतक्यात जाणारही नव्हता.

“या की,” ती म्हणाली. “पण दात कुणाचे म्हणून विचारलं, तर तेही खरं सांगायचं.”

दिरांचा हात नकळत तोंडाकडे गेला आणि वाटेतच थांबला.