शेगडीची वाकलेली प्लेट

प्लेट वाकायला लागली आहे, हे माझ्या आधी ताईंच्या लक्षात आलं. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर गेल्यापासून त्या आमच्याजवळच राहतात आणि अमरावतीला घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही दोघी मिळून भाकरी-पोळीच्या ऑर्डरी करतो. हात त्यांचा, हिशेब आणि फोन माझे.

लाकडाची ती मोठी शेगडी मी हट्टानं आणली होती. अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात पाहिली आणि तिथल्याच एका दुकानदाराकडून घेतली. खाली लाकूड, बाजूला हवा देणारा छोटा पंखा, धूर वर नेणारा पाइप आणि वर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची जाड प्लेट. एका वेळी चार भाकरी बसत. ताईंना ती नको होती. "गॅस आहे, चूल आहे, हे तिसरं कायले?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. नंतर मात्र त्यांनी ती सांभाळली.

दुसऱ्या हिवाळ्यात भाकरी मधोमध करपायला आणि कडेला कच्ची राहायला लागली. ताई म्हणाल्या, "अवं, ही प्लेट पोट काढून राहिली." मी गार झालेल्या प्लेटवर हात फिरवून पाहिला. मला तर ती सपाट वाटली. तरी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, फोटो पाठवा. पाठवला. दोन-चार दिवसांनी उत्तर आलं की कंपनीला फोटोत काही दोष दिसत नाही. शेगडी वॉरंटीत आहे, काळजी करू नका.

मग एका साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची ऑर्डर आली. सकाळी भयानक थंडी होती. ताईंनी नायलॉनचं स्वेटर घातलं होतं. शेगडी चांगली तापली होती, मी पिठाच्या परातीशी बसले होते. ताई पुढच्या कडेवरची भाकरी उलटायला वाकल्या आणि प्लेटच्या खालून, जिथे फट असायचं काही कारण नव्हतं तिथून, जाळ बाहेर आला. पंख्याची हवा मागून जोर देत होती. जाळ सरळ त्यांच्या मनगटावर गेला आणि स्वेटरची बाही पेटली.

ताई ओरडल्या नाहीत. हात लांब धरून मागे सरकल्या. मी भाकरीच्या पाण्याचं भगुणं उचलून त्यांच्या हातावर रिकामं केलं. विझलं. पण नायलॉन वितळून कातडीला चिकटलं होतं. पंखा बंद करायचं भानही मला राहिलं नाही. आम्ही शेडच्या बाहेर आलो तेव्हा मागे प्लेटच्या कडेनं जाळ तसाच येत होता.

दवाखान्यात ते चिकटलेलं काढताना त्यांनी माझा दंड धरला होता. डॉक्टर म्हणाले, उजवा हात आहे, जखम नीट भरेपर्यंत विस्तवाजवळ जायचं नाही. ऑटोतून घरी येताना ताईंनी ऑर्डरचं काय, एवढंच विचारलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेगडी शेजारणींनी विझवली होती, ऑर्डरही त्यांनाच बोलावून कशीबशी गॅसवर पार पाडली. संध्याकाळी मी दुकानात फोन लावला. प्लेट वाकलीय, कडेनं जाळ येतो, बदलून द्या म्हटलं. दुकानदारानं कंपनीला विचारून सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बदललेला होता.

"मॅडम, गरम प्लेटवर पाणी पडलं तरच ती वाकते. ते वॉरंटीत बसत नाही. पऱ्हाट्या जाळल्या असतील तर तेही बसत नाही."

पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, आम्ही जाळत नव्हतो. पाण्याचं मात्र मी काहीच बोलले नाही. कारण ताई रोज शेवटची भाकरी उतरली की तापल्या प्लेटवरून ओलं फडकं फिरवायच्या, हे मला माहीत होतं. त्यानं प्लेट वाकते की नाही, हे मला माहीत नव्हतं.

माझा नवरा म्हणाला, नवीन प्लेट घेऊन टाकू, कशाला भांडत बसायचं. मी म्हटलं, उद्या ती पण वाकली तर? तेव्हा आतल्या खोलीतून ताईंचा आवाज आला. "प्लेट घेऊन अकोल्याले जाऊ. मीबी येतो."

नवरा बडनेऱ्याला रेल्वेत आहे. त्यानं पोत्यात गुंडाळलेली प्लेट स्टेशनवर डब्यात चढवून दिली आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "वयनी, पाण्याचं विचारलं तं सरळ नाई म्हणजा." ताईंनी त्याच्याकडे पाहिलं फक्त. गाडी सुटली.

मूर्तिजापूर मागे पडलं तरी त्या खिडकीबाहेरच पाहत होत्या. पट्टी बांधलेला हात पदराखाली होता. मी म्हटलं, "ताई, हाताचं मी आधी सांगते त्यांना."

"हाताचं सांगू नको."

"काहून?"

"मले दया नाई मांगायची त्याले."

मग पाण्याचं विचारलं तर काय म्हणणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पायाशी पोतं होतं. गाडी हलली की ते माझ्या पोटरीला घासत होतं.

दुकानदार तसा शांत माणूस निघाला. पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. प्लेट काउंटरवर ठेवून त्यानं तिच्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसला.

"वाकली तर आहे," तो म्हणाला. मग पट्टी बाजूला ठेवून त्यानं ताईंकडे पाहिलं. "मावशी, खरं सांगा. गरम असताना पाणी टाकता का?"

मी ताईंकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहत राहिले.

"टाकत नाई," ताई म्हणाल्या. मला हायसं वाटलं तोच त्या पुढे बोलल्या, "ओलं फडकं फिरवतो. रोज."

दुकानदारानं हात पसरले. "मग झालं. आता मी काय करू सांगा?"

"झालं कसं? भाकरीले वरून पाणी लावा लागते का नाई? ते पाणी प्लेटवर येते का नाई? तुमीच इथी भाकरीचं चित्र लावून ठेवलं." असं म्हणत त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट केलं आणि पट्टीचा हात पदरातून बाहेर आला.

दुकानदार पोस्टरकडे न पाहता हाताकडे पाहत राहिला. "हे काय झालं?"

"ते सोडा. प्लेटचं बोला."

"यानंच झालं का?"

ताईंनी हात पुन्हा पदराखाली घेतला. मग मी सांगितलं, त्यांनी नको म्हटलं असूनही. जाळ कुठून आला, स्वेटर कसं पेटलं, सगळं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला. ताई म्हणाल्या, "हळू बोल वं."

दुकानदार फोन घेऊन फुटपाथवर गेला. काचेतून तो येरझारा घालताना दिसत होता. एकदा त्यानं डोक्याला हात लावला. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मला वाटलं, हा आता आत येऊन नाहीच म्हणणार आणि आम्हाला ते पोतं उचलून परत जावं लागणार.

आत आला तो आमच्याशी बोललाच नाही. दाराशी मांडलेल्या नमुन्याच्या शेगडीची प्लेट त्यानं उचलली, आणून आमच्या प्लेटशेजारी उभी धरली. कड कडेला लावली. मग आमची प्लेट उचलून पाहिली, मग त्याची, मग पुन्हा आमची. आमची उघडच पातळ होती. इतकी की मलाही लांबून दिसत होतं.

"ह्या लॉटमध्ये माल कमी टाकला त्यांनी," तो खुर्चीवर बसत म्हणाला. "फडक्याचा दोष नाही, मावशी." मग नमुन्याची प्लेट आमच्याकडे सरकवत म्हणाला, "कंपनी म्हणते, प्लेट तपासायला पाठवा, मग ठरवू. ते केव्हा ठरवतील देव जाणे. तुम्ही ही माझी घेऊन जा. त्यांचं मी पाहतो."

मी पोतं सरकवलं. माझं काम झालं होतं, मला गाडी गाठायची होती. ताई मात्र बसूनच होत्या.

"आमच्यासंगं अजून कोणाले देल्ल्या ह्या?"

दुकानदार घुटमळला. "दर्यापूरला एक आहे. त्यांची तक्रार आली होती. भाकरी करपते म्हणून."

"त्याईले फोन लावा."

"लावतो ना, संध्याकाळी."

"आता लावा. आमच्यासमोर."

त्यानं लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. ताई तशाच बसून राहिल्या. पुन्हा लावला तेव्हा एका बाईचा आवाज आला. दुकानदार आडवळणानं सुरुवात करायला लागला तसा ताईंनी डावा हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

"बाई, मी अमरावतीवरून बोलून राहिली. तुमच्या शेगडीच्या बाजूनं जाळ येते का?" पलीकडची बाई काहीतरी लांबलचक बोलली. ताई ऐकत राहिल्या. "मंग आता विझवा ते. प्लेट बदलून देईस्तोवर पेटवू नका. माहा हात भाजला." तिकडून पुन्हा काही विचारलं गेलं. "उजवा," ताई म्हणाल्या, आणि फोन परत दिला.

कंपनीनं पुढे दर्यापूरला प्लेट पाठवली, दुकानदारालाही त्याची भरून दिली. चूक मात्र कुठेच कबूल केली नाही. ग्राहकाच्या सोयीसाठी, असं काहीतरी लिहिलं होतं म्हणे.

नवी प्लेट बसवून शेगडी पहिल्यांदा पेटवली तेव्हा ताईंच्या हाताची पट्टी निघालेली होती, पण मनगट पूर्ण वळत नव्हतं. आम्ही दोघी शेडच्या दारात उभ्या राहून प्लेट तापेपर्यंत वाट पाहिली. मग मी खाली बसून चारी कडांखालून पाहिलं. कुठेच उजेड नव्हता. मी सांगितलं, तरी ताई स्वतः आल्या आणि कडेच्या बाजूनं डावा हात सावकाश फिरवत गेल्या, थोडा लांबून, मग थोडा जवळून. चौथ्या बाजूला पोचल्या तेव्हा म्हणाल्या, "बस. पीठ घे."

त्या दिवशी भाकरी मी थापल्या. ताई शेजारी पाटावर बसून होत्या आणि पंख्याचं बटण त्यांनी आपल्या हाताखाली ठेवलं होतं.