व्हॅनमधलं कोमट दूध

जय भीम मंडळी. या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचत आलोय. भूत, भानामती, बाहेरची बाधा... आमच्या घरात या शब्दांना थाराच नव्हता. माझे वडील नागपुरात मास्तर होते. चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की घरी आणून त्याचं सरबत करायचे आणि आम्हाला पाजायचे. असल्या बापाचा मुलगा आज इथे लिहायला बसलाय, याचीच मला चीड येतेय.

आम्ही मॉन्ट्रियलजवळ लव्हालला राहतो. मी नेटवर्क इंजिनियर. बायको वैशाली महिन्यातून दोन-तीनदा केटरिंगच्या ऑर्डरी घ्यायची — पाटवडी रस्सा, मठ्ठा, बासुंदी. तिच्या बासुंदीसाठी लोक दोन-दोन महिने आधी फोन करायचे. पातेली आमच्या कारमध्ये मावेनात म्हणून गेल्या वर्षी सेकंडहँड व्हॅन घ्यायचं ठरलं.

पहिली पाहिली ती डिझेलची. स्वस्त होती, पण शहर दिवसेंदिवस धुराच्या गाड्यांच्या मागे लागलंय. उद्या डाउनटाउनमध्ये शिरू दिली नाही तर काय तिच्यात कोंबड्या पाळायच्या? दुसरी पेट्रोलची, वरून चकाचक आणि खालून, इथे रस्त्यावरच्या बर्फावर टाकतात त्या मिठाने कुरतडलेली. तिसरी इलेक्ट्रिक. हिवाळ्यात एका चार्जमध्ये जेमतेम मॉन्ट्रियलला जाऊन परत येईल एवढी, पण महिन्यातून तीनदाच्या कामाला पुरे. मालक फुलांचा दुकानदार, म्हातारा, सज्जन. मागचा भाग इतका स्वच्छ की आत बसून जेवावं. मी बॅटरीचा रिपोर्ट पाहिला, खालून गंज पाहिला, ब्रेक पाहिले आणि घेऊन टाकली.

पहिल्याच ऑर्डरीला मठ्ठा नासला. आंबट नव्हे हो, नासला. झाकण उघडलं तर कुजलेल्या जखमेला येते तशी घाण. दुसऱ्या वेळी बासुंदी. भात, रस्सा, वांग्याची भाजी सगळं जसंच्या तसं. दुधाचं तेवढं जायचं. मी व्हॅन स्टीमने धुऊन घेतली, खालचा प्लायवूड बदलला, दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ओन्ली फ्लॉवर्स, मेस्यू. नेव्हर अ प्रॉब्लेम."

शेवटी मी प्रयोग केला. फेब्रुवारीत एकाच पॅकमधल्या दुधाच्या दोन पिशव्या घेतल्या. एक कारमध्ये, एक व्हॅनमध्ये, दोन्हीकडे थर्मामीटर. दोन्ही गाड्या ड्राइव्हवेत शेजारी-शेजारी, बंद. व्हॅनच्या चार्जरची वायरसुद्धा काढलेली. सकाळी दोन्ही थर्मामीटर उणे सतरा दाखवत होते. कारमधली पिशवी विटेसारखी घट्ट. व्हॅनमधली उचलली... आणि ती कोमट होती. अंगाइतकी कोमट, आताच कुणीतरी कुशीत घेऊन झोपलं असावं तशी.

कात्रीने कापून ती बर्फावर ओतली. दूध पडेना, लोंबायला लागलं. पिवळट, चिकट, शेंबडासारखी लांब तार. आमची तेरा वर्षांची अन्वी पायरीवरून म्हणाली, "पपा, दॅट्स सो ग्रोस," आणि आत निघून गेली. मी तिथेच ओकलो.

वैशालीला सांगितलं, बॅटरीची उष्णता असेल.

"मंग थर्मामीटर काहून थंड दाखवते?" ती म्हणाली.

त्यात मी ही गोष्ट ऑफिसातल्या एका पुणेकर मित्राला बोलून बसलो. "अरे, लिंबू-मिरची बांध की," तो म्हणाला. डोक्यात तिडीक गेली. इथल्या आमच्या आंबेडकरी मंडळातही हळूच कुजबुज सुरू झाली होती. आपल्या लोकांनी एका गाडीला भ्यायचं? मग एवढी वर्षं आपण काय शिकलो?

बुद्धपौर्णिमेला मंडळाने हॉल घेतला होता. खीरदानाची खीर वैशालीकडे. सकाळी गॅसवरून उकळती खीर उतरवली आणि मी पातेलं उचलून व्हॅनकडे निघालो.

"कारमधून न्या ना जी," ती म्हणाली. "दोन फेऱ्या होतीन, होऊ द्या. लेकरं खातीन ती खीर."

"म्हणजे तूही मानायला लागलीस?"

"मी काहीच मानत नाही. दूध नासते एवढं मले दिसते. तुम्ही काहून एवढे हट्टाला पेटले?"

मी ऐकलं नाही. हॉलवर पोहोचायला अर्धा तास लागला. झाकण उघडलं तर खीर पांढरीशुभ्र, वेलचीचा वास, सगळं ठीक. मी चारचौघांना मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघा, व्हॅनमधूनच आणली." मग पातेल्याला हात लावला. अर्ध्या तासापूर्वी उकळत होतं ते... अंगाइतकं कोमट.

पळी वर उचलली आणि खिरीला तार आली.

इथे मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. मी भराभर ढवळलं. तार तुटावी, कुणाला दिसू नये म्हणून. वाट्या भरल्या जात होत्या, समोर लहान पोरं रांगेत बसली होती, भारतातून आलेल्या माझ्या सासूबाईंच्या हातात पहिली वाटी गेली, आणि मी तोंड शिवल्यासारखा उभा. एवढं बोलून झाल्यावर आता माघार कशी घ्यायची, हाच विचार डोक्यात होता. शी. आजही आठवलं की स्वतःचीच किळस येते.

वैशालीने चमचाभर तोंडात घातली. थुंकली नाही, गिळली. सरळ आईकडे गेली, तिच्या ओठापाशी गेलेली वाटी काढून घेतली, पोरांच्या वाट्या गोळा केल्या आणि अख्खं पातेलं किचनच्या सिंकमध्ये रिकामं केलं. बाहेर येऊन सगळ्यांसमोर हात जोडले. "दूध जुनं वापरलं मी. चूक झाली, माफ करा."

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी व्हॅन भंगारात दिली. विकून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची हिंमत झाली नाही. ते दूध कोमट कसं व्हायचं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. वैशालीला त्यानंतर एकही ऑर्डर आली नाही. लोक चांगले आहेत, तोंडावर कुणी काही बोलत नाही, फक्त फोन येत नाहीत. मोठी पातेली तिने बेसमेंटमध्ये उपडी घालून ठेवलीत.

दूध ताजं होतं. आदल्या संध्याकाळी मीच आणलं होतं. हे मंडळात उभं राहून सांगायला मला अजून जमलेलं नाही.