पाण्याखालच्या पादुका

सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांना औषध नको होतं, मोसंबी नको होती, मी तर नकोच होते. त्यांना बदलापूरच्या पादुका बघायच्या होत्या. बदलापूर त्यांचं माहेर. तिथे नदीच्या घाटाला अगदी खालच्या पायरीवर दत्ताच्या पादुका कोरलेल्या होत्या. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या उघड्या पडायच्या. पुढे बंधारा झाला, पाणी चढलं ते चढलंच. "एकदा दिसल्या की मी सुटले," एवढं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करायच्या.

आमचे 'हे' अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर होते आणि त्यांच्याकडे एक डबा कॅमेरा होता. "आई, तुला फोटो काढून आणतो," ते बोलून गेले. पाण्याखालचा फोटो! पाण्याबाहेर काढलेल्या आमच्या लग्नाच्या फोटोत मला डोकं नव्हतं. पण मी विशीतली ठोंबी, असा पराक्रमी नवरा मिळाल्याबद्दल मनातल्या मनात साखर वाटत होते.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्याला समोर काच बसवली, फटीत मेण ओतलं, कळ ओढायला एक तार बाहेर काढली आणि भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. कॅमेरा आत ठेवायच्या आधी डबा पिंपात टाकून पाहिला, तर तो बुडेचना. आत हवा ना! शेवटी खाली माझा वरवंटा बांधला. यांच्या डोळ्यांसाठी मोटारीच्या ट्यूबमध्ये बसवलेली काच. राहिला उजेड. दिवा पाण्यात नेणं आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून काठावरून आरशाने ऊन आत टाकायचं ठरलं. उल्हासनगर कॅम्पातून कपाटाचा आरसा आणला. सिंधी दुकानदाराने विचारलं, "भाभी, कपाट किधर है?" मी म्हटलं, "नदी में ले जाना है." तो म्हणाला, "अच्छा, मछली की शादी है!"

घाटावर मी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभी, हातात आरसा. 'हे' वरवंट्यासह खाली गेले. एका बुडीत एकच फोटो. मग वर यायचं, डबा पुसून उघडायचा, फिल्म सरकवायची, पुन्हा मेण. माझे हात इतके थरथरत की उन्हाचा कवडसा पाण्यावर नाचायचा, समोरच्या झाडावर चढायचा, धुणं धुणाऱ्या बायांच्या तोंडावर पडायचा.

"अगो, आमाला कशाला चमकवतंस? नवऱ्याला दाव उजेड!" एक ओरडली.

शेवटच्या बुडीला 'हे' लवकर वर येईनात. आधी बुडबुडे दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. मला पोहता येत नव्हतं. आरसा सोडला तर त्यांना वाट दिसणार नाही, धरून ठेवला तर हात मोकळे नाहीत. मी नुसती "अहो! अहो!" करत राहिले, तेही हळू, कारण पलीकडे गावातले मामेसासरे आंघोळ करत होते. मग माझ्या पायाशीच पाणी फुटलं आणि 'हे' खोकत बाहेर आले. "काच धुरकटली," म्हणाले. "काही दिसत नव्हतं. वर येताना तार ओढली गेली."

फोटो धुऊन आले. सगळे काळे, फक्त शेवटचा पांढुरका. एका पायरीवर दोन पावलं, शेजारी शेजारी. यांनी फोटो पाहिला, मग माझ्या पायांकडे पाहिलं. डावी करंगळी वाकडी, बोटांत जोडवी. शंकाच नको. आम्ही तोंड उघडण्याआधीच सासूबाईंनी फोटो ओढून घेतला होता.

"त्याच! अगदी त्याच!" त्यांनी तो कपाळाला लावला. डोळ्यांना धार लागली होती. "हे बघ, बोटाशी कमळ कोरलंय. लहानपणी मी बोटाने चाचपायचे." कमळ म्हणजे माझं जोडवं.

"सांगा त्यांना," मी रात्री म्हटलं.

"तूच सांग. पाय तुझे आहेत."

उद्या सांगू म्हणेपर्यंत सासूबाई उठून बसल्या. मग पेज मागितली, मग पेजेत मीठ कमी म्हणून मला बोलल्या. डॉक्टर चकित झाले. ज्या फोटोने त्या सुटायच्या, त्याच फोटोने उठल्या! आता खरं सांगायचं म्हणजे त्यांना पुन्हा अंथरुणावर झोपवायचं. मी रोज तोंड उघडायची आणि जांभई दिल्यासारखं करून मिटायची.

फोटोला चौकट आली, देवघरात जागा मिळाली. रोज सकाळी पहिला नमस्कार मला करायला लावायच्या. "नीट वाक. कपाळ टेकलं पाहिजे." मी स्वतःच्याच करंगळीला कपाळ टेकवायची, आणि मागून त्यांचा आशीर्वाद यायचा.

एकदा मी अंगण सारवून तशीच फुलं द्यायला गेले. सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. डोळा किलकिला करून त्यांनी माझ्याकडे खालपर्यंत पाहिलं.

"शी! असले पाय घेऊन पादुकांसमोर येतात? जा, आधी धुऊन ये."

मी गेले आणि मुकाट्याने पाय धुतले.