हळदीकुंकू आणि शेवटचा खेकडा

माझ्या धाकट्या जावेने माझ्याच घरी येऊन माझा खेकडा मारू नये, एवढंच त्या चैत्रात माझं देवीकडे मागणं होतं.

खेकडा व्हिडिओ गेममधला. आमची लेक इरा पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि तिचा गेम पनवेलला आमच्या हॉलमध्ये मागे राहिला. त्यात लाल टोपी घातलेला एक बेडूक असतो. त्याला फळ्यांवरून, ढगांवरून उड्या मारत न्यायचं. शेवटच्या लेव्हलला काळा किल्ला, खाली उकळता लाव्हा आणि सगळ्यात शेवटी डायनिंग टेबलाएवढ्या नांग्यांचा खेकडेराजा! त्याच्या डोक्यावर तीनदा उडी मारली की तो मरतो म्हणे. (पनवेलच्या बाजारात मी जिवंत खेकडे उलटेपालटे करून, पारखून घेते. पण ते आगीचे गोळे फेकत नाहीत.) कितीतरी दिवस मीच त्याच्या हातून मरत होते.

आता माझ्या जावेबद्दल, सायलीबद्दल सांगायला हवं. ती रोडपालीला राहते आणि वाईट अजिबात नाही. वाईट असती तर किती बरं झालं असतं! तिची पुरणपोळी फुटत नाही. दोन बाळंतपणांनंतरही तिला लग्नातले ब्लाउज होतात. (मला लग्नातली फक्त नथ होते.) सासूबाईंच्या तोंडी ती ‘आमची सायली’ आणि मी ‘अगं ए’. निदान गेम तरी माझा होता. तिला बटणंसुद्धा मीच शिकवली, आणि थोड्याच दिवसांत बाईसाहेब माझ्या बरोबरीने किल्ल्याच्या दारात हजर! एकदा कुकरची शिट्टी झाली म्हणून मी रिमोट सोफ्यावर ठेवून उठले. (इरा त्याला कंट्रोलर म्हणते. आम्ही सगळे रिमोटच म्हणतो.) परत येते तर,

“वहिनी, तुमचा तो तुटका पूल पार करून टाकला हं!”

ज्या पुलावरून मी आठवडाभर पडत होते, तो पूल! सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात जे जळलं ते पित्त नव्हतं, सरळसरळ मत्सर होता.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू दर वर्षी आमच्याकडे असतं, कारण थोरली मी. सायली सकाळीच मदतीला आली. कैरीची डाळ मी वाटली, पन्हं मी केलं, हरभरे मी भिजवले. तिने एक कलिंगड कोरून कमळ केलं. सासूबाईंनी फोटो कशाचा काढला? कमळाचा! वर दुपारी मी मिक्सरशी झटत असताना हॉलमधून तिची किंकाळी आली, “अय्या वहिनी, एकच उडी राहिली होती हो! थोडक्यात वाचला मेला!”

म्हणजे ही पुढच्या खेपेला खेकडा मारणार. आज, माझ्या हॉलमध्ये, सगळ्या सोसायटीसमोर!

बायका यायला अवकाश होता. सायली गजरे आणायला खाली उतरली, आणि मी नऊवारी नेसून, नथ घालून टीव्हीसमोर मांडी ठोकली. त्या दिवशी बेडूक माझं ऐकायला लागला. पूल पार झाला, लाव्हा पार झाला, खेकडा समोर आला. पहिली उडी बरोब्बर डोक्यात! आणि बेल वाजली.

वरच्या मजल्यावरच्या कर्णिक काकू. बोलावलेल्या वेळेआधी येण्याचा त्यांचा धर्मच आहे. त्यांच्यामागून सायली गजरे घेऊन आली, आणि तिच्यामागून आमच्याकडे भांड्यांना येणारी सुगंधा, नवी साडी नेसून.

“वहिनी, द्या रिमोट माझ्याकडे,” सायली म्हणाली. “तुम्ही हळदीकुंकू लावा.”

“नको!”

“बरं, मग मी हळदीकुंकू लावते. तुम्ही खेळा.”

“मुळीच नको!”

माझ्या गौरीचं हळदीकुंकू तिने लावायचं? की माझा खेकडा तिने मारायचा? दोन्हींतलं काहीही सोडायची माझी तयारी नव्हती. (पॉझचं बटण असतं, मला माहीत आहे. पण रिमोट खाली ठेवला की तो कुठे जातो, हेही मला माहीत होतं.) शेवटी मी दोन्ही एकदम करायचं ठरवलं.

“काकू, जरा खाली वाका.”

डावा अंगठा उडीच्या बटणावर, उजव्या हातात कुंकू, नजर खेकड्यावर. हळद काकूंच्या चष्म्याला लागली, कुंकू नाकाच्या शेंड्याला. गुलाबपाणी कानात गेलं. हरभऱ्यांनी ओटी भरली ती पदरात नव्हे, त्यांच्या उघड्या पर्समध्ये!

“अगं ए! देवीसमोर काय चाललंय हे?” सासूबाई ओरडल्या.

“दुसरी बसली!” मी ओरडले.

“वयनी, मागं बघा, आग येतेय!” सुगंधा ओरडली. “पला, पला!”

तोवर आणखी बायका दारात जमल्या होत्या. कुणी चपलाही काढेना, सगळ्या टीव्हीकडे बघत उभ्या. खेकडा लालबुंद झाला, नांग्या आपटत अंगावर आला. आता तिसरी उडी. बेडूक उडाला, आणि त्याच्याबरोबर मीही उडाले! नऊवारीचा काष्टा चौरंगाला अडकला, पन्ह्याचं पातेलं माझ्यावर आणि मी कलिंगडाच्या कमळावर. (हे मुद्दाम नव्हतं. देवीशपथ!) पण डोळे टीव्हीवरच होते. खेकडेराजा उताणा पडला, पाय झाडले आणि खलास झाला.

“मेला! मेला!” भर हळदीकुंकवात, सवाष्णींच्या घोळक्यात मी नाचत होते.

टीव्हीवर फटाके उडाले. बेडकाने टोपी काढून लवून नमस्कार केला. आणि हॉलभर दिसतील अशी सोनेरी इंग्रजी अक्षरं झळकली: अभिनंदन, सायली!

झालं होतं असं, की दुपारी सायली खेळून उठली तेव्हा तिच्या नावाचा खेळ तसाच चालू राहिला होता. तिचा बेडूकही किल्ल्याच्या दारातच उभा होता. मी घाईघाईत नाव न बघताच सुरू केलं, आणि जिवाचं रान करून तिच्या नावावर खेकडा मारला!

“बघा बघा! आमची सायली!” सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या.

“नाही हो आई,” सायली म्हणाली. “माझं नुसतं नाव लागलंय. खेकडा वहिनींनीच मारला. आणि मलासुद्धा त्यांनीच शिकवलंय.”

एवढं म्हणून तिने मला मिठी मारली. पन्ह्यासकट, कलिंगडासकट! माझं मन जरा विरघळणार, तेवढ्यात नाकाच्या शेंड्याला कुंकू लावलेल्या कर्णिक काकूंनी गळा काढला, “काय मोठं मन गं पोरीचं! दुसरी असती तर गप्प बसली असती.”

“खरंय बाई!”

“नशीब लागतं अशी सून मिळायला!”

खेकडा कुणी मारला हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सायलीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अगं ए, जा, मीठ-मोहऱ्या आण. पोरीची दृष्ट काढ. एवढं चांगलं असलं की लगेच लागते.”

मी आणल्या. चिकट झालेल्या नऊवारीत उभी राहून तिच्यावरून ओवाळल्या, रीतीपेक्षा दोन वेळा जास्तच ओवाळल्या. कारण दृष्ट लागली असलीच तर ती कुणाची, हे त्या भरल्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं.