ल्यू आजींच्या देव्हाऱ्यामागची केबल

माझ्या नवऱ्याला, खिएमला, वाकडी केबल बघवत नाही. सायगॉनच्या अर्ध्याअधिक जुन्या इमारतींत त्याने इंटरनेटच्या तारा ओढल्यात. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी भिंती बघतो. माझ्या भावाच्या घरी त्याने भर पंगतीत विचारलं, "हे कुठल्या गाढवाने ठोकलंय?" भावानेच ठोकलं होतं.

पण कामाला हात फार चांगला. जाड भिंतींपुढे वायफायचं काही चालत नाही, तिथे लोक खिएमलाच बोलावतात. आमच्याकडच्या तारवाल्यांचा एक नेम आहे. पूर्वजांच्या देव्हाऱ्याशी आलं की वळसा घालायचा, दहा मीटर केबल जास्त गेली तरी चालेल. देव्हाऱ्यावर उदबत्त्या खोचायचं राखेचं भांडं असतं, ते मेलेल्या माणसाचं घर. घरच्यांनीसुद्धा ते वर्षातून एकदा, उदबत्ती लावून, विचारून हलवायचं. परक्याने हलवलं की आतला माणूस बेघर होतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि खिएमने ते हलवलं. पाचव्या मजल्यावरच्या ल्यू आजींकडे काम होतं. त्यांच्या जर्मनीतल्या लेकीला वडिलांच्या श्राद्धाला पडद्यावरून हजर राहायचं असे आणि दर वर्षी नेमकं उदबत्ती लावतानाच चित्र अडकायचं. आजी फुलं आणायला खाली गेल्या होत्या. देव्हाऱ्यामागून सरळ नेली तर तार कुठेच दिसणार नव्हती. खिएमने भांडं चार बोटं सरकवलं, भोक पाडलं, केबल ओढली, भांडं परत ठेवलं आणि सांडलेली राख बाहीने पुसली. आजींनी खूश होऊन दोन पेरू दिले. ते आम्ही मीठ-मिरची लावून खाल्ले. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

दुपारी आमचं अख्खं शहर आडवं होतं. खिएमही कुठल्याशा जिन्याखाली दोरीचा झुला बांधून डुलकी काढायचा. दुसऱ्या दिवसापासून डोळा लागला की एक म्हातारा झुल्याशेजारी येऊन उभा राहू लागला. पांढरा सदरा, पायात एकच चप्पल. "पोरा, माझं घर कुठलं रे?" एवढंच विचारायचा. मग जागेपणीही सुरू झालं. नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये केबल जोडताना मागून एकाच चपलेचा फरफटता आवाज यायचा, आणि वळून बघितलं तर कुणी नसायचं. महिन्याभरात खिएमच्या केबली वाकड्या जाऊ लागल्या. ते पाहून मी घाबरले. भाताच्या गाडीवर समोर बसवून खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे सगळं बोलला.

"अरे माणसा, वळसा घालायला काय तुझ्या बापाची केबल जात होती?"

"दिसली असती गं ती."

"आणि आता हा म्हातारा दिसतोय, तो शोभून दिसतो?"

त्याच पावली केळ्यांचा घड घेऊन मी त्याला आजींकडे ओढत नेलं. आम्ही तोंड उघडायच्या आत आजीच म्हणाल्या, "बरं झालं आलास. ही तार काढून ने. ती आल्यापासून आमचे हे येत नाहीत. ते गेल्यापासून अकरा वर्षं, दुपारी डोळा लागला की रोज यायचे. महिनाभर मी नुसती पडून असते, झोप म्हणून नाही."

खिएमने गुडघे टेकले आणि भांड्याचं सांगितलं. म्हाताऱ्याचंही सांगितलं. आता झाडू पाठीत बसणार असं मला वाटलं.

"चप्पल कुठल्या पायात?" आजींनी विचारलं.

"डाव्या."

"दवाखान्यात नेताना उजवी जिन्यात पडली. मी घाईत होते, उचलली नाही." त्या खाली बसल्या. 

मीच म्हणाले, "आजी, तुम्ही उदबत्ती लावा, आजोबांना विचारा, हा माफी मागेल. मग भांडं तुमच्या हाताने पुन्हा जागेवर ठेवा. आजोबा घरी येतील, आणि हाही सुटेल."

आजींनी काडेपेटी उचलली. काडी ओढता ओढता थांबल्या. "तुला विचारतात म्हणालास. म्हणजे तोंडाने बोलतात?"

"हो, आजी."

"आवाज कसा आहे?"

"जरा बसलेला. पण मायेचा."

आजींनी काडी परत पेटीत घातली. "इथे यायचे ना, तेव्हा त्या खुर्चीत माझ्याकडे पाठ करून बसायचे. अकरा वर्षं. मी किती विनवलं, रडले, भांडले. एक शब्द नाही बोलले माझ्याशी." त्यांनी काडेपेटी कमरेला खोचली. "भांडं राहू दे तसंच."

"अहो आजी, ह्याचं काय?" मी ओरडलेच. 

खिएमने हात जोडले. "आजी, मला झोप नाही हो. मी मरेन असा."

आजींनी त्याच्यासाठी स्टूल ओढलं, चहा ओतला, आणि अगदी जवळ येऊन बसल्या.

"रोज येत जा, बाळ. आज काय म्हणाले, ते सांग."