नव्वदची घूं

गावभरच्या गाड्यांचे सायलेन्सर जोडणाऱ्या मिस्त्रीला सगळे ‘कानवाले’ म्हणत. चालू इंजिनाच्या गदारोळातही सुईच्या भोकाएवढी गळती ऐकून तो नेमकं तिथे बोट ठेवायचा. पण दिव्याखाली अंधार! त्याची स्वतःची गाडी नव्वदच्या वेगाला लागली की ‘घूंऽऽ’ असा सूर धरायची, वेग उतरेपर्यंत सोडायची नाही.

लेकीचे दिवस भरत आले तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं, “मी बसने जाणार. तुमच्या त्या डब्यात तीन तास बसले, तर लेकीआधी मलाच दवाखान्यात न्यावं लागेल.”

हे त्याला फार झोंबलं. आई बसने आली आणि मागून सायलेन्सरवाला बाप रिकामी गाडी घेऊन, हे व्याह्यांनी पाहिलं असतं तर जन्मभर तोंडसुख घेतलं असतं.

उपाय त्याला ठाऊक होता. धुराच्या नळीला, एक तोंड बंद असलेली दुसरी नळी फाट्यासारखी जोडायची. लांबी नेमकी असली, की तिच्यात शिरलेला आवाज उलटा फिरून मागच्या आवाजाला गिळतो. लांबी ठरवायची त्याची रीत मात्र न्यारी. गाडीचा सूर गुणगुणत तो गॅरेजात आला आणि बाटलीवर फुंकावं तसं नळीवर फुंकत, सूर जुळेपर्यंत ती कापत राहिला.

बायकोला चाचणीपुरतं बसवलं. नव्वदला घूं होती तिथेच! त्याने इरेला पेटून पाय दाबला, तर एकशेपंधराला गाडी चिडीचूप.

“झाली ना शांत?”

“झाली. आता लेकीकडे नाही, थेट देवाघरी पोचू!”

मग त्याने कपाळावर हात मारला. फुंकर गार, धूर तापलेला. तापल्यावर नळीचा सूर चढणारच. एवढं साधं विसरला होता शहाणा! सूर खाली यावा म्हणून त्याने नळी वीतभर वाढवली.

दोघं निघाले. नव्वदला घूं नाही, पण बायकोही गप्प. तासभर गप्प.

“डोकं दुखतंय?”

“नाही हो. त्या आवाजाच्या आडून मी मनातलं सगळं बोलून टाकायचे. तुमच्याबद्दल, तुमच्या आईबद्दल. तुम्हाला ऐकूच जायचं नाही. आता कुठे बोलू?”

त्याने शब्दन् शब्द ऐकला होता, आईबद्दलचाही. स्वयंपाकघराला खिडकी पाडली ती त्यातूनच, तंबाखू सुटली तीही. बायको ते त्याचं उशिरा आलेलं शहाणपण समजत होती.

नव्वदची घूं गेली, तरी पंच्याहत्तरला तिचं पिल्लू उरलं होतं. त्याने पाय हलकेच उचलला. घूंऽऽ.

“मेली ही गाडी!” ती म्हणाली, खिडकीकडे वळली आणि सुरू झाली, “लेकीला आत नेतील आणि मी बाहेर एकटी जीव मुठीत धरून बसेन. हे आपले लोकांच्या गाड्यांखाली डोकावत असतील!”

त्याने चेहरा ठार बहिऱ्याचा केला.

दवाखान्याशी उतरल्यावर त्याने हत्यारांची पेटी डिकीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली.

“आज हे काय नवीन?”

“वय झालं,” तो म्हणाला, आणि आत जाऊन बाकावर तिच्या शेजारी बसला.